आरोळीचा बाजार आणि पडद्याचा बाजार

बाजार म्हटला कीं गलबला हा आलाच, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. वर्गांत गोंगाट माजला म्हणजे "हा काय बाजार मांडला आहे?" हें वाक्य आम्हां शिक्षकांच्या तोंडीं ठरलेलें असे. परंतु श्रोतेहो, ज्या बाजारांत आज दररोज हजारों कोटी रुपयांची उलाढाल होते, तो मुंबईचा शेअरबाजार कधींच मुका झाला आहे. १९९५ सालापर्यंत दलाल स्ट्रीटवरील दालनांतून उठणारा कोलाहल बाहेरच्या रस्त्यावर ऐकूं येत असे. आज तेथें सौद्याची एकही आरोळी उठत नाहीं. उलट मी जेथें राहतों त्या नारायणगांवीं दोन मोठे बाजार अजूनही मुख्यतः तोंडच्या शब्दावर चालतात: एक टोमॅटोचा आणि दुसरा तमाशाच्या फडांचा. एके ठिकाणीं आवाज गेला आणि दुसरीकडे तो टिकला, असें कां व्हावें? ह्या स्थित्यंतरांत आपण काय मिळविलें आणि काय गमावलें? ह्या प्रश्नांचा ऐतिहासिक दृष्टीनें थोडासा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. तोंडानें बोललेला भाव आणि फळ्यावर लिहिलेला भाव हे दोन्ही आपल्याकडे फार जुने आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात याचा एक शिलालेख आहे. सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वीच्या ह्या लेखांत त्यानें तीन हजार कार्षापणांची कायम ठेव विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवल्याचें नमूद आहे. त्यांपैकीं दोन हजारांवर दरमहा शेंकडा एक आणि एक हजारावर दरमहा शेंकडा पाऊण असें व्याज ठरलें होतें. मूळ रक्कम कधींच परत द्यावयाची नव्हती. व्याजांतून मात्र भिक्षूंचीं वस्त्रें व इतर खर्च भागावयाचा होता. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें आहे तें त्या लेखाच्या शेवटचें कलम. हा व्यवहार निगमसभेंत सर्वांना वाचून ऐकविला आणि रिवाजाप्रमाणें फलकावर नोंदला, असें तेथें स्पष्ट म्हटलें आहे. म्हणजे केवळ ऐकविणें पुरेसें नव्हतें आणि केवळ लिहून ठेवणेंही पुरेसें नव्हतें. व्यवहार चारचौघांच्या कानांवर गेला पाहिजे आणि मागाहून कोणालाही पाहतां येईल अशा ठिकाणीं तो लिहिलेलाही असला पाहिजे, हें तत्त्व त्या काळच्या व्यापाऱ्यांना पुरतें उमगलें होतें.

आमचा जुन्नर प्रांत ह्याच व्यापाराच्या वाटेवरचा आहे. कोंकणांतून घाटावर येणारा नाणेघाट जुन्नरकडेच उतरतो, आणि त्याच्या माथ्यावरील दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखविला जातो. जुन्नरच्या लेण्यांतील एका लेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें आणि पाण्याचें टांकें दान दिल्याची नोंद आहे. तेव्हां संघटित बाजार, सामायिक नियम आणि जाहीर नोंद ह्या गोष्टी साहेबानें जहाजांतून आणल्या, असें मानण्याचें कारण नाहीं.

आतां मुंबईकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, १८५०च्या दशकांत, टाउन हॉलसमोर, म्हणजे आज ज्याला हॉर्निमन सर्कल म्हणतात त्या भागांत, एका वडाच्या झाडाखालीं कांहीं दलाल जमत आणि बँकांच्या व कापसाच्या कंपन्यांच्या भागांचे सौदे करीत. आपल्या गांवांत पारावर जसे व्यवहार ठरतात, तसाच हा प्रकार होता. योगायोग असा कीं, न्यूयॉर्कच्या जगप्रसिद्ध शेअरबाजाराचा आरंभही झाडाखालींच सांगतात. १७ मे १७९२ रोजीं वॉल स्ट्रीटवरील एका झाडाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या करारावर चोवीस दलालांनीं सह्या केल्या. झाडाखालीं कां? तर जेथें सर्वांना सर्वजण दिसतात आणि जेथें येण्यास कोणाचा दरवाजा ठोठवावा लागत नाहीं, अशी ती जागा असते.

मुंबईच्या वडाखालच्या ह्या मंडळींचें भाग्य अमेरिकेंतील यादवी युद्धानें उघडलें. १८६१ सालीं तें युद्ध सुरू झालें, अमेरिकेचा कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची सारी भिस्त हिंदुस्थानच्या कापसावर आली. मुंबईंत सोन्याचा पूर लोटला. प्रेमचंद रायचंद हे त्या काळचे अनभिषिक्त राजे. नव्या नव्या बँका आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या पावसाळ्यांतील भूछत्रांसारख्या उगवल्या. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा पांच हजार रुपयांचा भाग पन्नास हजारांच्याही वर गेला. पुढें एप्रिल १८६५ मध्यें दक्षिणेच्या मुख्य सेनापतीनें शस्त्रें खालीं ठेवल्याची वार्ता आली आणि कापसाचा भाव कोसळला. आगाऊ केलेले वायद्याचे सौदे १ जुलै १८६५ रोजीं चुकते करावयाचे होते. त्या दिवशीं अनेक धनिकांचीं दिवाळीं निघालीं. बँक ऑफ बॉम्बेही त्या धक्क्यांतून सावरली नाहीं, आणि १८६८ सालीं ती बंद झाली. ह्या सर्व अनर्थांत यंत्राचा हात नव्हता. माणसांनीं माणसांशीं समोरासमोर बोलून, एकमेकांच्या डोळ्यांत पाहून केलेले हे सौदे होते. जुन्या बाजारांत माणुसकी होती आणि नव्या यंत्रानें जुगार आणला, असें म्हणणाऱ्यांनीं १८६५ साल विसरूं नये.

ह्या आपत्तींतून शहाणपण शिकूनच पुढें बाजाराला घटना मिळाली. १८७४ च्या सुमारास दलालांनीं हक्काची जागा धरली आणि त्या गल्लीला दलाल स्ट्रीट हें नांव पडलें. ९ जुलै १८७५ रोजीं 'नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन' ही संस्था रीतसर स्थापन झाली. आशिया खंडांतील हा सर्वांत जुना शेअरबाजार होय. १८९९ सालीं दलालांचें स्वतंत्र सभागृह उघडण्यांत आलें. स्वातंत्र्यानंतर १९५६ चा रोखे-करार नियमन कायदा झाला आणि १९५७ सालीं त्याखालीं ह्या बाजारास सरकारी मान्यता मिळाली.

ह्या बाजारांतील व्यवहाराची पद्धत कशी होती, तें पाहिल्याशिवाय पुढचा बदल समजावयाचा नाहीं. दुपारचे दोन-अडीच तास दालनांत सौदे चालत. दालनाच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या कंपन्यांच्या भागांचे व्यवहार होत. तेथें त्या त्या भागाचे नित्याचे व्यापारी उभे असत. ह्यांना बाजाराच्या भाषेंत तरवणीवाले म्हणत. तरवणीवाला दोन भाव बोले: एक घेण्याचा आणि दुसरा विकण्याचा. त्या दोहोंमधील अंतर ही त्याची कमाई. लेवाल आला तर त्याला विकावयाचें, वेचवाल आला तर त्याच्याकडून घ्यावयाचें, आणि संध्याकाळपर्यंत आपल्या अंगावर फारसें कांहीं राहूं द्यावयाचें नाहीं, हें त्याचें कौशल्य. दलालाचा कारकून गर्दींत शिरून ओरडून भाव विचारी, पटला तर सौदा तोंडीं पक्का करी आणि हातांतल्या लहानशा वहींत पेन्सिलीनें टिपून घेई. पलीकडचाही तेंच टिपी. संध्याकाळीं दोघांच्या टिपणांचा मेळ घातला जाई. मेळ बसला नाहीं तर त्याला वांधा म्हणत, आणि तो मिटविण्याची बाजाराची स्वतःची व्यवस्था असे. हिशेबाच्या दिवशीं पैसे किंवा भाग देतां आले नाहींत, तर व्याज भरून सौदा पुढील हिशेबावर ढकलण्याची सोय होती. तिचें नांव बदला.

ह्या रीतींत थोर गुण होते, हें मान्य केलें पाहिजे. लाखों रुपयांचे सौदे केवळ शब्दावर होत आणि बहुतेक वेळां ते पाळले जात. ज्यानें शब्द फिरवला त्याच्याशीं दुसऱ्या दिवशीं कोणी बोलत नसे, आणि जेथें बोलण्यावरच पोट चालतें तेथें अबोल्याहून मोठी शिक्षा कोणती? शिवाय दालनांतील अनुभवी माणसाला आवाजाच्या चढउतारावरून बाजाराची नाडी कळे. कोणता दलाल घाईंत आहे, कोणाच्या कपाळावर घाम आहे, कोण उगाच मोठ्यानें ओरडून आपली अडचण झांकीत आहे, ह्या गोष्टी कोणत्याही आंकड्यांत उमटत नाहींत.

परंतु नाण्याची दुसरी बाजू त्याहून जड होती. जो दालनांत होता त्यालाच हे गुण उपयोगी पडत. जो बाहेर होता त्याच्या वांट्याला केवळ विश्वास उरे. समजा, नारायणगांवच्या एखाद्या गृहस्थानें आपल्या बचतींतून शंभर भाग घ्यावयाचे ठरविलें. त्यानें पुण्याच्या उपदलालास सांगावयाचें, त्यानें मुंबईच्या दलालास कळवावयाचें, आणि चार दिवसांनीं भाव कळावयाचा. त्या दिवशीं बाजारांत अमुक भागाचा नीचांक शंभर आणि उच्चांक एकशें आठ असेल, तर ग्राहकाला बहुधा एकशें आठच्या आसपासचा भाव लागे आणि विकणाऱ्याला शंभरच्या आसपासचा. मधला फरक कोठें गेला, हें सिद्ध करण्याचें कोणतेंही साधन त्याच्यापाशीं नव्हतें, कारण सौदा कोणत्या क्षणीं झाला ह्याची नोंदच कोठें नव्हती. आवाज हवेंत विरून गेलेला असे. त्यापुढें भागांचीं कागदी प्रमाणपत्रें, हस्तांतराचे अर्ज, मुद्रांक आणि सही जुळत नाहीं म्हणून परत आलेलीं पाकिटें, असा महिनोन्‌महिन्यांचा फेरा असे. थोडक्यांत, उषवदाताच्या लेखांतील पहिला अर्धा भाग तेवढा दलाल स्ट्रीटवर शिल्लक होता. व्यवहार ऐकविला जाई, पण तोही आंत असलेल्यांनाच. फलकाची नोंद मात्र लुप्त झाली होती.

जगांत अन्यत्र ह्या काळांत हवा बदलूं लागली होती. अमेरिकेंत १९७१ सालीं नॅसडॅक ही संस्था निघाली; तिला दालन असें नव्हतेंच, दलालांचे भाव संगणकाच्या पडद्यांवर दिसत. २७ ऑक्टोबर १९८६ रोजीं लंडनच्या बाजारानें आपले नियम आमूलाग्र बदलले, आणि कांहीं महिन्यांतच तेथील जुनें दालन ओस पडलें. आपल्या देशांत ह्या विचारास जोर आला तो १९९१ च्या आर्थिक बदलांनंतर. त्या वर्षीं मनोहर फेरवानी यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटानें राष्ट्रव्यापी नव्या शेअरबाजाराची शिफारस केली. पुढच्याच वर्षीं, एप्रिल १९९२ मध्यें, सरकारी रोख्यांचा आणि बँकांचा प्रचंड घोटाळा वृत्तपत्रांनीं उजेडांत आणला. त्या रोख्यांचे सौदे दलालांमार्फत बहुतांशीं दूरध्वनीवर ठरत, आणि खरा भाव काय होता हें त्या दोघां-तिघांवांचून कोणासच ठाऊक नसे. अंधारांत भाव ठरला कीं काय होतें, ह्याचा धडा साऱ्या देशाला मिळाला. त्याच वर्षीं सेबी ह्या नियामक मंडळास कायद्यानें अधिकार प्राप्त झाले, आणि नोव्हेंबर १९९२ मध्यें 'नॅशनल स्टॉक एक्सचेंज' ह्या कंपनीची नोंदणी झाली.

डॉ. रा. ह. पाटील हे ह्या नव्या बाजाराचे पहिले व्यवस्थापकीय संचालक. मुंबईंत वरळीला बाजाराचें कार्यालय होतें, पण त्यांत आरोळ्यांसाठीं दालन असें ठेवलेंच नव्हतें. जून १९९४ मध्यें रोख्यांचे आणि ३ नोव्हेंबर १९९४ रोजीं भागांचे व्यवहार पडद्यावर सुरू झाले. दूरदूरच्या शहरांतील दलालांच्या छपरांवर लहान तबकड्या बसविण्यांत आल्या, आणि उपग्रहाच्या द्वारें त्यांचे संगणक मुंबईशीं जोडले गेले. त्याच सुमारास आमच्या नारायणगांवाजवळ खोडद येथें आकाशांतील रेडिओलहरी टिपण्यासाठीं पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस महाकाय तबकड्या उभ्या राहत होत्या. एकीकडे ताऱ्यांचा संदेश ऐकण्यासाठीं आणि दुसरीकडे शेअरचा भाव ऐकण्यासाठीं माणसानें आकाशाकडे कान लावावा, हा त्या दशकाचा एक विशेषच म्हणावा लागेल.

ह्या यंत्राचा नियम अगदीं साधा आहे. ज्याचा भाव सरस त्याचा नंबर आधीं. भाव सारखा असेल तर ज्यानें आधीं नोंदविला त्याचा नंबर आधीं. समोर कोण आहे हें यंत्र सांगत नाहीं. तो मोठा पेढीवाला कीं नाशिकचा एखादा निवृत्त कारकून, हें यंत्राला कळतही नाहीं आणि त्याचें त्याला कांहीं वाटतही नाहीं. प्रत्येक सौद्याची वेळ, भाव आणि संख्या तत्क्षणीं नोंदली जाते. नाशिकच्या लेण्यांतील फलक असा एकोणीस शतकांनंतर पुन्हां भिंतीवर आला.

दलाल स्ट्रीटच्या मंडळींना आरंभीं हें खेळणें वाटलें असावें. पण एक वर्षाच्या आंत, १९९५ साल संपण्यापूर्वीं, नव्या बाजाराची उलाढाल जुन्या बाजाराच्या पुढें गेली. एकशें वीस वर्षांच्या वडिलधाऱ्या संस्थेला पाठोपाठ यावें लागलें. १४ मार्च १९९५ रोजीं तिनें आपली 'बोल्ट' नांवाची पडद्यावरील पद्धत सुरू केली आणि त्याच वर्षीं आरोळ्यांचें रिंगण शांत झालें. गंमत पहा, ह्या मुक्या यंत्राचें नांव मराठी कानाला 'बोल' ह्या शब्दाची आठवण करून देतें! पुढें १९९६ सालीं निक्षेपागारांचा कायदा होऊन कागदी प्रमाणपत्रांची जागा खात्यांतील नोंदींनीं घेतली. २००१ सालीं बदला बंद झाला. जो हिशेब पूर्वीं पंधरवड्यानें चुकता होई, तो जानेवारी २०२३ पासून सर्वच भागांच्या बाबतींत दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशीं चुकता होऊं लागला.

ह्या बदलांत कोणाचें काय गेलें? पहिला बळी तरवणीवाला. दोन भाव बोलून मधल्या अंतरावर जगणारा हा वर्ग पाहतां पाहतां नाहींसा झाला. दुसरा बळी प्रांतोप्रांतींचे छोटे बाजार. आपल्या पुण्याचेंच उदाहरण घ्या. १९८२ सालीं पुणें शेअरबाजार स्थापन झाला; सदाशिव पेठेंत त्याची कचेरी होती. मुंबई जोंवर दूर होती तोंवर पुण्याला स्वतःच्या बाजाराचें प्रयोजन होतें. पण मुंबईचा पडदा पुण्यांत, किंबहुना प्रत्येक तालुक्याच्या गांवीं उजळूं लागल्यावर सदाशिव पेठेंतील बाजारांत कोण येणार? अखेर २०१५ सालीं सेबीच्या आज्ञेनें त्याची मान्यता संपुष्टांत आली. देशांतील इतर अनेक प्रांतिक बाजारांची हीच गत झाली. यंत्रानें बाजार सर्वांच्या दारीं नेला हें खरें. पण त्याच वेळीं सर्व बाजार एका-दोन ठिकाणीं गोळा केले, हेंही तितकेंच खरें आहे. शिकागोच्या वायदेबाजारांत हातांच्या खुणांची एक संपूर्ण भाषाच होती; तळहात आपल्याकडे असला तर घेणें, बाहेर असला तर विकणें. तेथील बहुतेक रिंगणेंही जुलै २०१५ मध्यें बंद झालीं. न्यूयॉर्कचें दालन अद्याप उघडें असलें, तरी २०२० च्या साथींत तें दोन महिने बंद असतांही व्यवहार अडले नाहींत. त्यावरून मुख्य काम कोण करीत आहे, हें सर्वांना दिसून आलें.

आणि यंत्राचे स्वतःचे दोष? तेही लहान नाहींत. ६ मे २०१० रोजीं अमेरिकेचा बाजार कांहीं मिनिटांत भयंकर कोसळला आणि तितक्याच झपाट्यानें बराचसा सावरला. ५ ऑक्टोबर २०१२ रोजीं आपल्या राष्ट्रीय बाजारांत एका दलालाच्या कचेरींतून चुकीच्या मागण्या गेल्या, आणि निर्देशांक क्षणार्धांत सुमारें नऊशें अंकांनीं खालीं आला. आरोळीच्या बाजारांत असा वेडा भाव कोणी बोलला असता, तर शेजारच्यानें "अहो, शुद्धीवर आहांत ना?" असें विचारलें असतें. यंत्र असें विचारीत नाहीं. २४ फेब्रुवारी २०२१ रोजीं तोच बाजार तांत्रिक बिघाडानें जवळजवळ चार तास बंद पडला होता. वडाचें झाड असें मध्येंच बंद पडत नसे.

परंतु ह्या अपघातांपेक्षां मला अधिक चिंता वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती आपल्या घरोघरची आहे. पूर्वीं बाजारांत शिरावयाचें तर दलालाची ओळख, मुंबईची खेप आणि गर्दींतील धक्के इतक्या अडचणी ओलांडाव्या लागत. त्या जाचक होत्या, पण त्या कुंपणाचेंही काम करीत. आज तें कुंपण उरलें नाहीं. बाजार मुलाच्या खिशांतील फोनमध्यें आहे. सप्टेंबर २०२४ मध्यें सेबीनें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतील आंकडे प्रत्येक कुटुंबप्रमुखानें वाचण्यासारखे आहेत. २०२१-२२ ते २०२३-२४ ह्या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन ह्या प्रकारांत हात घालणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकीं शेंकडा ९३ जणांना तोटा झाला, तो सरासरीनें माणशीं सुमारें दोन लाख रुपये. आणि एकूण तोटा एक लाख ऐशीं हजार कोटींच्या वर गेला. दुसऱ्या बाजूस, २०२३-२४ मध्यें परदेशी संस्थांच्या व मोठ्या पेढ्यांच्या नफ्यापैकीं शेंकडा पंचाण्णवाहून अधिक नफा संगणकाच्या आज्ञावलींनीं केलेल्या व्यवहारांतून आला. म्हणजे पडद्यावर चेहरा दिसत नाहीं हें समतेचें लक्षण म्हणून आपण गौरविलें, पण त्या न दिसणाऱ्या चेहऱ्याच्या जागीं आतां डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत हजारों मागण्या करणारें यंत्र बसलेलें आहे, आणि त्याच्यासमोर आपला मुलगा एकटा अंगठा टेकवीत आहे. १८६५ सालीं दिवाळें निघालें तें चारचौघांत निघालें. आजचें दिवाळें बंद खोलींत, रात्रीं, घरच्यांना नकळत निघतें. जुन्या बाजारांतील गलबल्यानें निदान एवढें साधलें होतें कीं, कोणाला बुडतांना पाहणारे कोणी तरी असत.

आतां पुन्हां आमच्या नारायणगांवाकडे येऊं. जुन्नर बाजार समितीच्या येथील उपबाजारांत हंगामांत टोमॅटोचे ढीग येतात. वीस किलोंच्या क्रेटवर भाव बोलला जातो. जुलै २०२३ मध्यें ह्याच बाजारांत एका क्रेटला दोन हजारांहून अधिक रुपये मिळाले, आणि पुढें थोड्याच महिन्यांत तो भाव जमिनीवर आला. असा चंचल माल असूनही व्यापारी क्रेट पाहतो, फळ दाबून बघतो, रंग आणि कडकपणा पारखतो, मग बोलतो. केंद्र सरकारनें १४ एप्रिल २०१६ रोजीं शेतमालासाठीं ई-नाम ही पडद्यावरील बाजारपेठ सुरू केली, आणि महाराष्ट्रांतील शंभराहून अधिक बाजार समित्या तिला जोडल्या गेल्या आहेत. पण जोडली जाणें आणि रुळणें ह्यांत अंतर आहे. एका कंपनीचा एक भाग दुसऱ्या भागासारखाच असतो. तो पाहावा लागत नाहीं. एक टोमॅटो दुसऱ्या टोमॅटोसारखा नसतो. जोंवर मालाची प्रत विश्वासानें तपासून, ठरवून आणि लिहून मिळत नाहीं, तोंवर कलकत्त्याचा व्यापारी पडदा पाहून आमचें क्रेट घेणार नाहीं. आणि तमाशाच्या फडांचें तर विचारूंच नका. गुढीपाडव्याच्या सुमारास येथें फडांच्या राहुट्या लागतात. गांवोगांवचे पंच यात्रेची तारीख घेऊन येतात, फडमालकाशीं बसतात, घासाघीस करतात आणि इसार देऊन सुपारी पक्की करतात. तेथें विकला जाणारा माल म्हणजे एका रात्रीची कला. ती वीस किलोंच्या क्रेटांत मावत नाहीं.

मात्र ह्यावरून कोणी असें समजूं नये कीं तोंडचा बाजार शेतकऱ्याला नेहमींच सुखाचा होता. आपल्याकडे कित्येक बाजारांत रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरविण्याची हत्ता पद्धत होती. दोन व्यापारी हात झांकून बोलत, आणि ज्याचा माल, तो शेतकरी समोर उभा राहून त्या रुमालाकडे पाहत बसे. कारंजाचा कापूसबाजार १८८६ सालीं नियमांखालीं आला, आणि १९३९ सालीं मुंबई प्रांतानें शेतमालाच्या बाजारांचा कायदा केला. त्यामागील एक मोठा हेतु हा रुमाल उचलावा, असाच होता. उघड लिलाव ही त्या वेळची क्रांति होती. रुमालाच्या जागीं आरोळी आली, हें शेतकऱ्याचें स्वातंत्र्यच म्हटलें पाहिजे.

तेव्हां श्रोतेहो, आरोळी चांगली कीं पडदा चांगला, हा प्रश्न मुळांतच थोडासा चुकीच्या जागीं ठेवला गेला आहे. आरोळीनें रुमाल हटविला तेव्हां ती पुरोगामी होती. तीच आरोळी दलाल स्ट्रीटच्या चार भिंतींत कोंडली गेली तेव्हां बाहेरच्या गृहस्थाच्या दृष्टीनें ती स्वतःच एक रुमाल झाली. पडद्यानें तो रुमाल दूर केला. आतां त्याच पडद्याआड वेगाचा आणि आज्ञावलींचा नवा रुमाल विणला जात आहे. प्रत्येक पिढीला आपापल्या काळचा रुमाल ओळखावा लागतो. बाजाराची परीक्षा तीन प्रश्नांनीं करावी: ज्याचा माल वा पैसा आहे त्याला भाव कसा ठरला हें दिसतें काय? झालेल्या व्यवहाराची नोंद मागाहून कोणालाही तपासतां येते काय? आणि दिलेला शब्द मोडणाऱ्यास चारचौघांत जाब विचारणारें कोणी आहे काय? ज्या बाजारांत ह्या तिन्ही प्रश्नांचें उत्तर होकारार्थी येतें, तो आवाजी असो वा मुका, तेथें जाण्यास भय नाहीं. ज्यांत एकाचें जरी उत्तर नकारार्थी आलें, तेथें घरांतील कर्त्या माणसानें आपली आणि आपल्या मुलांची पुंजी सांभाळावी.

नाशिकच्या त्या लेखांत ऐकविणें आणि नोंदविणें हीं दोन्ही कर्तव्यें एकाच वाक्यांत सांगितलीं आहेत. नोंदविण्याचें काम आज यंत्र उत्तम करतें. ऐकविण्याचें काम आपल्याकडे उरलें आहे, आणि त्याचा आरंभ घरापासूनच करावा लागेल. महिन्यांतून एकदां तरी घरांतील सर्वांनीं एकत्र बसून कोणी कोठें किती पैसे गुंतविले, हें मोकळेपणानें सांगावें आणि ऐकावें. आपल्या पूर्वजांनीं ज्याला निगमसभा म्हटलें, तिचें हें लहानसें घरगुती रूप प्रत्येक घरांत भरूं लागलें, तर पडद्याच्या बाजारांतही आपलीं माणसें एकटीं पडणार नाहींत.